मामंजींचा बार

ता. १८ एप्रिल १९२७

आजही डोळे उघडले नाहीत!

डॉक्टरांनी सकाळी पापणी वर करून पाहिली, नाडी धरली आणि शेजारच्या खाटेकडे वळले. मी मागे धावले. ऐकू तरी येत असेल का हो यांना? — "काही सांगता येत नाही, बाई." सांगता येत नाही तर एवढे शिकलात कशाला! हे मनातल्या मनात. वरकरणी हात जोडले, दुसरं काय करणार?

डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं. उजवा हात फळीला बांधलेला. माणूस एवढा उंच की पाय खाटेबाहेर येतात. मी त्यांवर धोतर टाकते, ते घसरतं, पुन्हा टाकते. दिवसभर मला तेवढंच काम आहे.

वही पदराखाली लपवून आणली. माझे वडील कान्ह्याच्या शाळेत मास्तर. त्यांनी लावलेली ही लिहायची खोड लग्नानंतरही सुटली नाही. आत्याबाई चिडतात — सुनेनं भाकऱ्या मोजाव्यात, अक्षरं कसली खरडायची! पण आज लिहिलं नाही तर मी दवाखान्यात ओरडेन. परवाचं सगळं लिहून काढते.

परवा आमच्या वाडीची, जाखमातेची जत्रा. यांना सुटी मिळाली नाही. आगगाडीच्या नव्या वाटेसाठी घाटाच्या तोंडाशी डोंगर फोडतात, त्या खाणीवर हे जातात. मुकादम दत्तोबा उर्शाचा. त्याने सांगितलं म्हणे, "अर्धी वाडी जत्रंला गेली, तर दगुड काय देवी फोडनार हाय?" यांच्याबरोबर हौशीरामचीही सुटी गेली. वाडीतले हे दोघेच त्या टोळीत आहेत. होते. कसं लिहू!

मामंजी फार हिरमुसले. जाखमातेपुढची लोखंडी उखळी, म्हणजे बुटकी तोफच, ती ठासायचा आणि पेटवायचा मान आमच्या घराचा. पालखी उठली की उखळीचा बार काढायचा, तो मामंजींनीच. बंदुकीची दारू येते लोणावळ्याच्या राजमहंमदभाईंकडून. त्यांचे वडीलही देवीला दारू देत, पैसा घेत नसत, एक नारळ तेवढा घेत. तर मामंजी त्यांना म्हणाले, "औंदा वाईच जास्ती घाला भाई. महिपतीला तितं खाणीवर ऐकू गेला पायजे." लेक येत नाही, तर बारच लेकाकडे पाठवायचा! घातली जास्त. वर विटेचा चुरा ठासठासून भरला.

एरवी पालखी दिवस मावळताना उठते. तोवर खाणीचं काम सुटलेलं असतं. परवा दुपारीच आभाळ काळं झालं. वळीव येणार, दारू भिजणार! पालखी लवकर उठवली.

काय तो बार! आढ्याची धूळ खाली आली, आमची लेक चिमी किंचाळून रडायला लागली. मी पिठाच्या हातांनी तशीच अंगणात गेले. ही आमच्या वाडीची रीत. बार झाला की जो जिथे असेल त्याने उघड्यावर यायचं, देवळाकडे तोंड करायचं आणि डोकं टेकायचं. छपराखालचा नमस्कार जाखमातेला पोचत नाही. आत्याबाई एका जत्रेला तापाने फणफणल्या होत्या, तरी खांबाला धरून बाहेर आल्या होत्या. मी कपाळ टेकलं. ते मातीला लागलेलंच होतं, तोच घाटाकडून दुसरा आवाज आला. सुरुंग. रोजचाच. मी उठून पुन्हा पीठ मळायला बसले.

दिवेलागणीला दत्तोबा आला. अंगणातच उभा राहिला, आत येईना. मामंजी पालखीबरोबर होते. आत्याबाई आणि मी, आम्ही दोघींनी ऐकलं. दोन सुरुंग लावले होते. टोळी पत्र्याच्या छपराखाली आडोशाला बसली होती. एक उडाला, दुसऱ्याची वात रेंगाळली. "तेवढ्यात तुमच्या जत्रेचा बार झाला, वैनी. तो दुसरा सुरुंगच समजलं. महिपती आन् हौशीराम उठलं, भाईर गेलं. म्या वरडलो! तवर खरा उडाला."

हौशीराम जागीच गेला. हे असे.

आत्याबाई रडल्या नाहीत. दत्तोबाचा हात धरून म्हणाल्या, "ह्या घरात आसं सांगायचं, की दरड सुटली. बाराचं नाव न्हाई काडायचं. ह्यास्नी कळालं तर हे जगायचं न्हाईत."

ता. १९ एप्रिल

शब्द बंद! बार म्हणायचं नाही. मी नाही, चिमीने नाही, शेजारपाजारच्यांनीही नाही. आत्याबाई काल उंबऱ्या-उंबऱ्याला जाऊन सांगून आल्या. वाडीही ऐकते आहे. मामंजींवर माया आहे सगळ्यांची.

पण हा शब्द कुठे कुठे रुतलेला आहे, ते आत्ता कळतंय. सकाळी मामंजींनीच हाक मारली — "कस्तुरा, चुन्याची डबी आन गं, बार भरतो." तंबाखूचा! माझ्या हातातून डबी पडली. दुपारी सरुबाई आली, तिच्या लेकीचं जमलंय. म्हणते, "वैशाखातच बार उडवून—" आणि जीभ चावली. "म्हंजी, अक्षता टाकून मोकळं व्हायचं." मामंजी हसायला लागले. "अगं, बार उडवायचा म्हन की! लाजतीस काय?" सरुबाई पदर तोंडात कोंबून पळाली. त्यांना वाटलं, लग्नघराची बाई, हसते आहे.

म्हणजे शब्द आम्हाला बंद, त्यांना मोकळा. दिवसभर तेच बोलतात. उभ्या जन्मात असा बार झाला न्हाई. लोणावळ्याच्या बाजारात ऐकू गेला. लेक दवाखान्यात पडलाय, त्याने जीव खालीवर होतो, मग बाराची आठवण काढतात. तेवढाच त्यांना आधार. मी निघताना मागून येतात, रोज एकच विचारतात — "शुद्धीवर आला की त्याला इचार, बार पोचला का?"

विचारते हं, म्हणते. आणि वाट धरते.

ता. २० एप्रिल

ताप चढला. ओठांवर पाणी सोडलं तर बाहेर येतं.

ता. २१ एप्रिल

हवालदार कागद घेऊन दवाखान्यात आला. वाचून दाखवलं — "सुरुंगाच्या स्फोटात इसम नामे महिपती अंबाजी यास गंभीर दुखापत..." आत्याबाई आज माझ्याबरोबर होत्या. "म्हंजी काय?" "सुरुंग उडाला, आजी." "मंग तसं लिवा की!" हवालदार हसला. मलाही हसू फुटलं, आणि मग रडूच आलं.

जत्रेचं नाव कागदावर नव्हतं. दत्तोबाने जबाबात घातलं नाही. उर्शाचा माणूस, आमच्या वाडीशी त्याचं काय नातं? तरी घातलं नाही.

परतताना मनात घोळत राहिलं. कागदावर स्फोट म्हटलं की कुणाचा हातच लागलेला दिसत नाही, आपोआप झाल्यासारखं. सुरुंग दगडासाठी, मजुरी करून लावायचा. बार मात्र माणूस हौसेने काढतो. कुणासाठी तरी काढतो. म्हणूनच तो शब्द आम्हाला तोंडात धरवत नाही.

एक गोष्ट मला उमजत नाही. दत्तोबाला विचारलं, बाकीचे का नाही उठले? तो म्हणाला, "दोघंच उठलं, वैनी. आमी समदी बसून व्हतो." सगळी टोळी बसलेली, आणि सुरुंगात मुरलेले हे दोघेच फसले? मामंजींच्या मांडीवर बसल्यापासून जन्मभर ऐकलेला बार यांना ओळखू येऊ नये? दत्तोबाने कपाळावर बोट ठेवलं. नशीब म्हणे.

नशीब मेलं नेमकं आमच्याच वाडीचं पाहून ठेवलं होतं!

ता. २२ एप्रिल

राजमहंमदभाई आले. दवाखान्याच्या दारात टोपी हातात घेऊन उभे. मला वाटलं, फळं आणली आहेत, देतील आणि जातील. तर खाटेपाशी आले आणि यांच्या पायांना हात लावला. वयाने मोठा माणूस! मी त्यांना मागे ओढलं.

"वहिनी, दारू माझी होती. आबा म्हणाले जास्ती घाला, आणि मी घातली. नाही म्हणायला पाहिजे होतं." मी म्हटलं, भाई, तुम्ही देवीला दिलीत. ते म्हणाले, "देवीलाच दिली. पण लागली कुणाला?" पांढऱ्या दाढीतून पाणी ओघळत होतं. त्यांच्या घरी ताजुन्निसाभाभींनी दोन दिवस चूल पेटवली नाही म्हणे.

मी काय समजूत घालणार? मलाच कुणी घालेल तर बरं. शेवटी मी एवढंच म्हटलं, मामंजींना भेटायला जाऊ नका. तुमचं तोंड पाहूनच त्यांना कळेल. त्यांनी मान हलवली. टोपी घालायची विसरून, हातात तशीच घेऊन गेले.

ता. २३ एप्रिल

जाखमाते, हे उठले तर मी अनवाणी येईन. आणखी काय देऊ? सगळं तर घेतलंस. नाही, असं लिहू नये. खोडते.

खोडलं नाही. राहू दे. वाच तू.

ता. २५ एप्रिल

आज हौशीरामचा दहावा. दवाखान्यात आत्याबाईंना बसवलं आणि मी इंद्रायणीच्या काठी गेले. मी नाही गेले तर त्याची बायको बयाबाई काय म्हणेल! तिचा गेला, माझा अजून श्वास घेतोय. तिच्याकडे पाहायलाही मला चोरट्यासारखं होतं.

पिंड मांडले. कावळा शिवेना. उंबरावर बसलेले, खाली येईनात. हौशीरामचा भाऊ हात जोडून म्हणाला, तुझी बैलजोडी विकणार न्हाई. नाही शिवला. दत्तोबा म्हणाला, बयावैनीला काम देतो, उपाशी ठेवत न्हाई. नाही. मग बयाबाई स्वतः पुढे झाली. "म्या ह्ये घर सोडून माह्यारी जायाची न्हाई." तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. बायका कुजबुजायला लागल्या. माणूस कशात अडकलाय, ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलायची सोय नव्हती.

आणि मामंजी उठले! काठी टेकत पुढे गेले.  कुणी अडवावं त्यांना! कुणी हाललं नाही.

"हौशा, पोरा," म्हणाले, "फुडल्या जत्रंला पयला बार तुज्या नावानं काडीन."

 आणि उंबरावरून एक कावळा उतरला. सरळ पिंडावर. चोच घातली!

मामंजींचा चेहरा उजळला. डोळे पुसत म्हणाले, "बगा! मला ठाऊकच व्हतं. ह्याला बाराची लय हौस. एवढुसा व्हता तवापासनं आमच्या महिपतीसंगं वात पेटवायला माज्या मागं-मागं असायचा." लोक खाली पाहत होते. बयाबाई मात्र मामंजींकडे पाहत होती. तशी नजर मी अजून कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

ता. २६ एप्रिल

तीच आली. मी गोठ्यात शेण भरत होते. दाराला टेकून उभी राहिली. कपाळ मोकळं.

"कस्तुरावैनी, कावळा शिवला तवा वाटलं, ह्यो मेल्यावरबी माज्यावर हसतोय. म्या किती दिस तोंड दाबू? माजा धनी दरडीनं न्हाई ग्येला. आबाच्या बारानं ग्येला. म्या कुकू पुसलं, आन् आबा चावडीवर मिशीला पीळ भरून बाराची गोष्ट सांगत्यात. आयकवत न्हाई मला!"

मी तिचे पाय धरले. शेणाच्या हातांनीच. म्हटलं, बया, थोडी थांब. यांचं एकदा काय ते कळू दे. म्हाताऱ्याला आत्ता सांगितलंस तर घरात दोन मुडदे पडतील.

तिने पाय मागे घेतले. मग म्हणाली, "तुजा अजून हाय. म्हनून तुला थांबाया जमतंय."

 खरंच बोलली. ती गेल्यावर मी शेणाच्या पाटीपाशी तशीच बसून राहिले. मला तिचा राग येत नाही, हीच पंचाईत. आला असता तर भांडले तरी असते, जीभ काही कमी नाही माझी.

ता. २७ एप्रिल

डॉक्टर आज आपण होऊन थांबले. म्हणाले, घरच्या मोठ्या माणसांना एकदा आणून दाखवा. मला कळलं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

पण मोठं माणूस म्हणजे मामंजी. आजवर त्यांना काहीबाही सांगून घरीच ठेवलं. त्यांना इथे आणलं, तर पलीकडच्या खाटेवर खाणीवरचाच एक मजूर आहे. तो बोलेल. नाही आणलं आणि यांचं काही बरंवाईट झालं, तर बापाची भेट मी चुकवली! कुणाला विचारू? आत्याबाई म्हणतात, "उंद्या बगू." रोज उद्या! यांच्या कानाशी तोंड नेऊन मी आज भांडले. म्हटलं, उठा आता, पुरे झालं. मला एकटीला पेलत नाही.

पापणी हलली असं वाटलं. वारा असेल.

ता. २८ एप्रिल

सांगितलं तिने. झालं!

मी दवाखान्यात होते. आत्याबाईंकडून कळलं. चावडीवर कामशेतकडचे पाहुणे आले होते, सरुबाईच्या सोयरिकीचे. मामंजी त्यांना बार कसा ठासला, हातवारे करून दाखवत होते. बयाबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. थांबली. घागर खाली ठेवली. आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "त्याच बारानं माजा धनी मारला, आबा. आन् तुमचा पोरगा बी त्याच बारानं पडलाय. दरड न्हवती. तुमचा बार झाला, त्यास्नी वाटलं सुरुंग उडून ग्येला, म्हनून भाईर आली."

मामंजींनी तोंडातली तंबाखू बोटाने काढून टाकली. उठले, घरी आले. आत्याबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"सुनेला?"

"व्हय."

"समद्या वाडीला?"

आत्याबाईंनी मान खाली घातली. तेव्हा म्हणाले, "म्हंजी म्या येकटाच नाचत व्हतो."

एवढंच. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. मी आले, जेवायला हाक मारली, उठले नाहीत. मी ताट घेऊन तशीच उभी. आम्ही त्यांना वाचवायला निघालो होतो! बाईने एकदाच सांगितलं, आम्ही मात्र रोज त्यांना नाचवलं.

ता. २९ एप्रिल

मामंजी सकाळी घरात नव्हते. मी शोधत गेले तर देवळापुढे उखळीजवळ बसलेले. ओढ्यातून ओंजळीने चिखल आणून तिच्या तोंडात भरत होते. वर दगड बसवला. राजमहंमदभाईंनाही कुणी तरी बोलावून आणलं होतं. मामंजी त्यांना म्हणाले, "भाई, ही न्या. मोडीत घाला. खिळं करा हिचं." भाई म्हणाले, "आबा, देवीची चीज आहे. मी हात लावणार नाही." दोघे म्हातारे उखळीच्या दोन बाजूंना बसून राहिले. मी लांबूनच परतले.

आजही अन्न नाही. चिमीने घास पुढे केला, तोही नाही. तिला जवळसुद्धा घेतलं नाही.

इकडे एक, तिकडे एक. मी मध्ये. देवा, एक तरी सोड! कुठला ते मला विचारू नकोस, एवढी दया कर.

मी निघाले, तर मामंजींनी मागून येऊन विचारलं नाही — बार पोचला का म्हणून. वळून पाहिलं. ओसरी रिकामी होती. तो प्रश्न मला नकोसा व्हायचा. आज वाटेत कान त्याच्यासाठी मागे लागले होते.

ता. ३० एप्रिल

दुपारी पाहते तर मामंजी दवाखान्याच्या पायरीवर! वाडीपासून एकटे चालत आले. पोटात अन्न नाही, पायात वहाण नाही. मी म्हटलं, आत चला, पाहा तरी. नको म्हणाले. ओढलं, तर खांब धरून ठेवला.

"ह्या तोंडानं कसा येऊ त्याच्या म्होरं? त्यानं डोळं उघडलं आन् मला बगितलं तर?"

ते लेकाला घाबरताहेत! बेशुद्ध लेकाला! मी खाली बसून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. चूक तुमची नाही, वळिवाची आहे, सुरुंगाच्या वातीची आहे, कुणाचीही आहे, तुमची नाही. किती बोलले मी! ते समोरच्या रस्त्यावरचे टांगे पाहत होते. शेवटी म्हणाले, "दारू म्याच वाढवाया सांगितली व्हती, पोरी. त्याला ऐकू जावी म्हनून."

संध्याकाळी दत्तोबा त्यांना घरी न्यायला आला, हलले नाहीत. डॉक्टरांनी पाहिलं. शिपायाकडून एक घोंगडी पाठवली. मी त्यांना उगीच नावं ठेवत होते.

ता. १ मे

हे बोलले! सकाळी. आधी पाणी मागितलं. मग हौशाचं विचारलं. मी आणखी पाणी पाजलं.

विचारू नये तेच तोंडातून गेलं. दुसरा सुरुंग उडाला असं वाटून उठलात ना हो? तर एवढ्या अशक्तपणातही चिडले. "येडी का काय तू? आबाचा बार मला वळखत न्हाई व्हय? वात जळतीय ते दिसत व्हतं. हौशा म्हनला, छपराखाली बसून पाया पडायचं न्हाई. येका नमस्काराला किती येळ लागतोय? भाईर आलो, टोप्या काडल्या, वाडीकडं तोंड क्येलं."

दम लागला. थांबले. मग म्हणाले, "आबास्नी सांग, बार पोचला."

मामंजी अजून बाहेर पायरीवरच बसलेले आहेत. त्यांना आत आणायला उठते.